नालंदा पुन्हा बांधू नका, आहे ते नीट दाखवा

बिहारमधल्या राजगीरला नव्या नालंदा विद्यापीठाच्या कॅम्पसचं उद्घाटन जून २०२४ मध्ये झालं, तेव्हापासून एक मागणी सारखी कानावर येतेय की नवं बांधलं ते छानच झालं, आता जुनं नालंदाही जसं होतं तसं उभं करा. फोनवर एआयनं केलेली चित्रं फिरतात, त्यात नऊ मजली ग्रंथालय, सोन्याचे कळस, गुळगुळीत दगडी जिने, आणि खाली लिहिलेलं असतं की हे आपलं होतं, हे आपल्याला परत पाहिजे. ही चित्रं पाठवणारी माणसं माझ्या घरातली आहेत, मित्रमंडळीतली आहेत, आणि त्यांची कळकळ खोटी नाही. नालंद्याला जाऊन त्या छप्पर नसलेल्या विटांच्या भिंती बघितल्या की पोटात तुटतं, हे मलाही माहितीय. तरीही माझं मत ठाम आहे. त्या जुन्या भिंतींवर एकही मजला चढवू नये, पावसापासून वाचवायला लागतील तेवढ्याच विटा लावाव्यात, आणि जो पैसा पुनर्बांधणीवर घालायचा म्हणतात तो देखभालीवर आणि ती जागा लोकांना समजावून सांगण्यावर घालावा.

आधी तिथे आहे काय ते बघू, कारण मागणी करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ती जागा घाईघाईत उरकलेली असते. त्यांचाही दोष नाही, टूरच्या बसला एकाच दिवसात राजगीर, पावापुरी आणि नालंदा संपवायचं असतं. आज जेवढं खोदून मोकळं केलंय त्यात अकरा विहार आहेत आणि सहा मोठी मंदिरं आहेत. मधून उत्तर-दक्षिण असा साधारण तीस मीटर रुंद मोकळा पट्टा जातो, त्याच्या पूर्वेला विहारांची रांग आणि पश्चिमेला मंदिरांची रांग. दक्षिण टोकाचे दोन विहार सोडले तर बाकीच्या सगळ्यांची दारं पश्चिमेला उघडतात आणि मंदिरांची तोंडं पूर्वेला, म्हणजे विहाराच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की समोर देऊळ. एवढी साधी, सरळ आखणी आहे आणि ती शेकडो वर्षं बदलली नाही. राजे बदलले, घराणी बदलली, देणगीदार पार समुद्रापलीकडचे आले, तरी नवा विहार त्याच रांगेत बसला. मला नालंद्याची सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते, आणि ती कुठल्याही बोर्डावर ठळकपणे लिहिलेली मला दिसली नाही.

एका विहाराचा नकाशा मराठी माणसाला समजवायला फार वेळ लागत नाही, चौसोपी वाडा डोळ्यासमोर आणा. मधे चौक, चौकाच्या चारी बाजूंनी खांबांची ओसरी, ओसरीच्या मागे ओळीनं खोल्या. बाहेर जायला दार एकच, आणि त्या दाराच्या बरोब्बर समोर, पूर्वेच्या बाजूच्या मधोमध, बुद्धमूर्तीची खोली. चौकात विहीर, कुठे चुलींच्या ओळी (सहा नंबरच्या विहारात त्या चांगल्या दिसतात), आणि चौकात पडलेलं पाणी भिंतीखालून बाहेर काढायला विटांची झाकलेली गटारं. कोपऱ्यात जिना, म्हणजे वर मजला होता. भिंती दोन मीटरच्या आसपास जाड.

आता एका खोलीत शिरा. आतमध्ये फारतर दोन माणसांची जागा. काही खोल्यांत भिंतीलगत झोपायचा ओटा आहे, भिंतीत कोनाडे आहेत, दिव्यासाठी, पोथीसाठी. खिडकी नाही, उजेड आणि वारा दोन्ही ओसरीकडून. चांगल्या जपलेल्या जागी विटा इतक्या घासून बसवल्यात की सांधा शोधावा लागतो. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात चिनी भिक्खू इत्सिंग इथे बरीच वर्षं राहिला, त्यानं विहार तीन मजली असल्याचं लिहिलंय, खोल्या साधारण दहा फुटी चौकोनी असल्याचं लिहिलंय, आणि जमीन कशी करायचे तेही लिहून ठेवलंय: विटांचा चुरा चिकट द्रवात मिसळून ठोकायचा, वर चुना, ताग आणि तेल यांचा लेप द्यायचा, काही दिवस हिरव्या गवताखाली झाकून ठेवायचा, मग घासून घासून चकचकीत करायचा. परदेशातून शिकायला आलेला माणूस गवंडीकामाची रीत एवढी बारकाईनं टिपून ठेवतो, आणि आपल्याला त्या जागेवर त्याचा उल्लेखही सापडत नाही.

मग लोकांना त्या खोल्या बघून काय वाटतं? बरेच जण विचारतात, वर्ग कुठे होते, हॉल कुठे होता, लायब्ररी कुठे होती. भिक्खू राहायचे तिथेच शिकायचे, चौकात, ओसरीवर, मंदिराच्या आवारात. काही विहारांच्या चौकात उंच चबुतरा आहे, तिथे बसून गुरू शिकवत असतील असा अंदाज करतात. ती वास्तू राहण्याची, शिकण्याची, पूजेची आणि स्वयंपाकाची एकत्र होती, आणि आजच्या कॉलेजचा साचा डोक्यात ठेवून गेलं की काहीच सापडत नाही, मग माणूस म्हणतो की सगळं नष्ट झालंय, पुन्हा बांधा. माझं म्हणणं आहे की फार काही सापडलंय, आपण ते दाखवत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा थरांचा. एक नंबरच्या विहारात खोदकाम करणाऱ्यांना एकावर एक असे निदान नऊ थर मिळाले. म्हणजे विहार जुना झाला, पडला किंवा जळला, की राडारोडा सपाट करायचा, त्याच भिंतींच्या रेषेवर पुन्हा भिंती उचलायच्या, चौकाची जमीन वर घ्यायची, नवं गटार काढायचं, आणि पुन्हा राहायला लागायचं. असं नऊदा. आज त्या चौकात उभं राहिलं तर एकाच वेळी वेगवेगळ्या शतकांच्या जमिनी दिसतात, एक खाली, एक वर, कडेला तिसरीचा तुकडा. ज्याला कुणी सांगितलेलं नसतं तो त्यांना मजले समजतो. ते मजले नाहीत, ती शतकं आहेत. पाचव्या शतकात गुप्त राजा कुमारगुप्ताच्या काळापासून बाराव्या शतकापर्यंतचा सगळा काळ त्या विटांत उभा रचलेला आहे.

म्हणून "जसं होतं तसं" म्हणणाऱ्यांना मी विचारतो, कधी होतं तसं? कुमारगुप्ताच्या वेळचं, की चिनी भिक्खू ह्युएन त्संग नालंद्याचे आचार्य शीलभद्र यांच्या पायाशी बसून शिकला त्या सातव्या शतकातलं, की नवव्या शतकात पाल राजा देवपालाच्या काळातलं? यातलं कुठलंही एक निवडलं की बाकीची पुसावी लागतात, कारण ती एकाच जागेवर एकमेकांच्या अंगावर उभी आहेत. वरचा मजला बांधायचा तर पाया मजबूत करावा लागणार, पाया मजबूत करायचा तर खालचे थर उकरावे लागणार किंवा त्यात काँक्रीट ओतावं लागणार. हे एकदा झालं की परत फिरता येत नाही.

आणि ज्या नऊ मजली ग्रंथालयासाठी लोकांचा जीव तुटतो, त्याचं काय? रत्नोदधी, रत्नसागर, रत्नरंजक ही ग्रंथालयाच्या तीन इमारतींची नावं आणि नऊ मजले हे आपल्याला नंतरच्या तिबेटी ग्रंथांतून कळतं. ग्रंथ तिथे अफाट होते यात शंकाच नाही, नकला करून लोक चीनला, तिबेटला घेऊन गेले म्हणून तर आज ते शिल्लक आहेत. पण खोदलेल्या इमारतींपैकी अमुक एक ते ग्रंथालय असं बोट ठेवून सांगता आलेलं नाही. मग बांधणार कुठे, आणि कशावरून? चित्रावरून बांधलेली इमारत त्या जागेवर उभी राहिली की दहा वर्षांत मुलांच्या पुस्तकात तिचाच फोटो येईल आणि खऱ्या नालंद्याची जागा ती घेईल.

यावर ड्रेस्डेनचं उदाहरण हमखास येतं. जर्मनीतलं फ्राउएनकिर्शे हे चर्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात कोसळलं आणि १९९४ ते २००५ मध्ये पुन्हा उभं केलं, मग आपण का नाही? उदाहरण चांगलंय, पण ते पूर्ण घ्या. त्यांच्याकडे जुने नकाशे होते, फोटो होते, ढिगाऱ्यातला दगडन् दगड त्यांनी नोंदवून ठेवला होता, आणि ते चर्च बघितलेली माणसं जिवंत होती. शिवाय जुने काळवंडलेले दगड आणि नवे फिकट दगड भिंतीत वेगळे ओळखू येतात, ते त्यांनी लपवलं नाही. आपल्याकडे नालंद्याच्या वरच्या मजल्याचा एकही नकाशा नाही. बहुतेक विहार कमरेइतके, फारतर छताच्या खालपर्यंत उरलेत, त्याच्या वरचं सगळं कल्पनेतून येणार.

दुसरा आक्षेप जास्त जोरकस आहे आणि मी त्याचा बराच विचार केलाय. तो असा, की नालंद्याच्या लोकांनी स्वतःच नऊ वेळा बांधलं ना? मग दहाव्यांदा आपण बांधलं तर ती त्यांचीच परंपरा पुढे नेणं झालं, जसंच्या तसं ठेवायचं हे तर इंग्रजांनी शिकवलेलं. यात तथ्य आहे. पण ते लोक कसे बांधायचे ते तीन नंबरच्या मंदिरात जाऊन बघा. नालंदा म्हटलं की ज्याचा फोटो येतो ते हेच, जिन्यांचं, उंच. हे मंदिर सात वेळा वाढवलं गेलं, आणि प्रत्येक वेळी जुनं न पाडता त्याच्याभोवती नवं, मोठं मंदिर चढवलं. पाचव्या टप्प्याचं मंदिर चार कोपऱ्यांना बुरुजासारखे मनोरे असलेलं होतं, त्या मनोऱ्यांवर चुन्याच्या गिलाव्यात केलेल्या बुद्धाच्या आणि बोधिसत्त्वांच्या मूर्ती ओळीनं आहेत. त्या इतक्या सुंदर टिकल्यात त्याचं कारणच हे की पुढच्या पिढीनं त्यांच्यावर नवी भिंत बांधून त्या आत झाकून घेतल्या. उत्तरेकडून बघितलं तर पाचव्या, सहाव्या आणि सातव्या टप्प्याचे तिन्ही जिने एकापुढे एक दिसतात. तीन पिढ्यांचे तीन जिने एकाच देवळाला! अशी जागा जगात कुठे मिळेल?

म्हणजे त्यांची रीत होती जुनं पोटात घेऊन वाढायची. आणि ते बांधायचे ते वापरायला, तिथे माणसं राहणार होती, दिवा लागणार होता. आपण बांधणार ते बघायला. तिथे कोण राहणार आहे, संध्याकाळी गेट बंद होतं. परंपरा पुढेच न्यायची तर ती वापराच्या इमारतींनी न्यावी आणि शेजारी न्यावी, आणि ते झालेलंही आहे. भिक्खू जगदीश काश्यप यांच्या पुढाकारानं १९५१ मध्ये तिथे जवळच नव नालंदा महाविहार सुरू झाला, पाली आणि बौद्ध विद्येचं शिक्षण तिथे आजही चालू आहे. राजगीरचं विद्यापीठ २०१४ पासून शिकवतंय, त्याचा कॅम्पस वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींच्या संस्थेनं केलाय, आणि त्यात विटा, चौक, तलाव, सावली या जुन्या गोष्टी नव्या गरजेला लावल्यात. पटो न पटो, पण तो प्रयत्न प्रामाणिक आहे आणि त्यानं जुन्या एका विटेलाही हात लावला नाही.

बोधगयेचं महाबोधी मंदिर तर १८८० च्या दशकात इंग्रज राजवटीतल्या पुरातत्त्व खात्याच्या कनिंगहॅम आणि बेगलर यांनी जवळजवळ नव्यानं उभं केलं, मग ते कसं चालतं, असंही विचारतात. ते चालतं कारण ते मंदिर पडझडीतही उभं होतं, तिथे लोक पूजेला येत होते, आणि शिखर कसं असावं हे ठरवायला तिथेच सापडलेली दगडातली छोटी प्रतिकृती होती. तरी त्या दुरुस्तीत मूळचं किती गेलं यावर अभ्यासक आजही हळहळतात.

आता जे बोलायला थोडं अवघड आहे ते. नालंद्यात आत्ता जे दिसतं त्यातही भरपूर नवं आहे. खोदकाम १९१५ मध्ये सुरू झालं, १९३७ पर्यंत चाललं, मग १९७४ ते १९८२ मध्ये पुन्हा झालं. शेकडो वर्षं मातीत झाकून सुरक्षित राहिलेल्या विटा एकदम बिहारच्या पावसाळ्यात उघड्या पडल्या, भिंतीच्या माथ्यावरून पाणी आत मुरलं की मातीचा मसाला वाहून जातो आणि भिंत आतून पोकळ होते. म्हणून पुरातत्त्व खात्यानं माथ्यांवर नव्या विटांचे थर चढवले, जुन्या मापाच्याच विटा करून घेतल्या, पडलेले कोपरे बांधून काढले. हे करायलाच हवं होतं, वरची वीट झिजते आणि खालची वाचते, ती झिजली की बदलायची. माझी तक्रार एवढीच की बघणाऱ्याला कळत नाही. आईवडील मुलाला भिंतीवर हात ठेवायला सांगतात, बघ, दीड हजार वर्षांपूर्वीची वीट, आणि ती वीट असते गेल्या शतकातली. जुनं कुठे संपलं आणि दुरुस्ती कुठे सुरू झाली तिथे एक रेघ ओढायला, सांधा थोडा खोल ठेवायला, निदान दाराशी एका नकाशावर रंगानं दाखवायला काय अडचण आहे? रोममध्ये टायटसच्या कमानीची दुरुस्ती १८२० च्या दशकात झाली तेव्हा वालादिए या वास्तुविशारदानं मूळ संगमरवर जिथे नव्हता तिथे वेगळा साधा दगड लावला आणि त्यावर नक्षी कोरली नाही, दोनशे वर्षं झाली, आजही कुणालाही चटकन कळतं की काय मूळचं आणि काय नंतरचं.

मग येते आग. नालंद्याचा विषय निघाला की पाच मिनिटांत, ज्यानं नालंदा जाळलं असं म्हणतात त्या बख्तियार खिलजीवर येतो आणि तिथेच थांबतो. गाइड तेच सांगतात, ग्रंथालय किती महिने जळत होतं ते सांगतात, आणि सातशे वर्षांचं राहणं, शिकणं, बांधणं हे त्या एका प्रसंगात जळून जातं. पुन्हा बांधायच्या मागणीमागे बऱ्याचदा हाच राग असतो. राग समजतो. १२३५ च्या सुमारास तिबेटी भिक्खू धर्मस्वामी नालंद्याला पोचला तेव्हा दोनच विहार कसेबसे वापरात होते, नव्वदी ओलांडलेले राहुलश्रीभद्र तिथे सत्तरेक विद्यार्थ्यांना शिकवत होते, आणि सैनिक येतायत अशी बातमी आली तेव्हा बाकीचे पळाले आणि धर्मस्वामीनं म्हाताऱ्या गुरूला पाठीवर घेऊन जवळच्या मंदिरात लपवलं. हे वाचून ज्याचे डोळे भरून येत नाहीत त्याला मी काय सांगणार. पण हीच गोष्ट नीट वाचली तर दिसतं की हल्ल्यांनंतरही, विहार मोडलेले असतानाही, तिथे व्याकरण शिकवणं चालू होतं. आणि आग त्याआधीही लागलेली होती. साधारण हजार वर्षांपूर्वी, पाल राजा महीपालाच्या राज्याच्या अकराव्या वर्षी, तेल्हाडा गावच्या बालादित्यानं आगीत जळालेल्या देवळाचा जीर्णोद्धार केला असं दाराच्या चौकटीवर कोरलेलं सापडलंय. म्हणजे जळणं आणि पुन्हा उभं राहणं हा नालंद्याच्या आयुष्याचा भाग होता, शेवटच्या वेळी उभं करणारं कुणी उरलं नाही, राजाश्रय गेला, देणग्या आटल्या, माणसं विखुरली. शेवटच्या विध्वंसाचं गांभीर्य यानं कमी होत नाही. उलट जळाल्याचा पुरावा म्हणजे त्या भाजलेल्या विटा, राखेचे थर, संग्रहालयात ठेवलेला जळका तांदूळ. त्याच भिंतींवर नवी इमारत चढवली तर तो पुरावा आपल्याच हातानं पुसला जाईल. ज्यांना अन्याय लक्षात ठेवायचाय त्यांनी तर पुनर्बांधणीला सगळ्यात आधी विरोध करायला हवा.

देखभालीवर पैसा घाला असं मी म्हणतो त्याला आधारही नालंद्यातलाच आहे. १९२१ मध्ये पुरातत्त्वज्ञ हिरानंद शास्त्रींना एक नंबरच्या विहारात देवपालाचा ताम्रपट सापडला. सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव, म्हणजे आजच्या इंडोनेशियाकडचा, त्यानं नालंद्यात विहार बांधला आणि त्याच्या विनंतीवरून देवपालानं पाच गावांचं उत्पन्न त्या विहाराला लावून दिलं. कशासाठी ते यादीनं लिहिलंय: पूजेसाठी, भिक्खूंच्या जेवणखाण्यासाठी, आजाऱ्यांच्या औषधासाठी, ग्रंथ लिहून घेण्यासाठी, आणि विहाराची मोडतोड दुरुस्त करण्यासाठी. इमारत नवीकोरी असताना दुरुस्तीची तरतूद तांब्यावर कोरून ठेवलेली! आज आपल्याकडे उद्घाटनाला पैसा असतो, लाइट अँड साउंड शोला असतो, आणि भिंतीत उगवलेला पिंपळ वेळेवर काढायला, चुना-सुरखीचं काम येणारा गवंडी वर्षभर हाताशी ठेवायला नसतो. तो गवंडी कंत्राटावर येतो, हंगाम संपला की दुसऱ्या कामाला जातो, त्याच्याबरोबर त्याचं कसबही जातं. जागतिक वारशाच्या यादीत २०१६ मध्ये नाव लागलं, अभिमान वाटला, पण यादीत नाव लागल्यानं भिंतीत मुरणारं पाणी थांबत नाही.

आपल्या महाराष्ट्रातून दरवर्षी किती कुटुंबं या वाटेनं जातात, बोधगया, राजगीर, नालंदा, सारनाथ, कुशीनगर. बाबासाहेबांनी दिलेला धम्म ज्या मातीतून आला ती बघायला आयुष्याची बचत घालून म्हातारी माणसं जातात. बोधगयेत त्यांना वंदना करायला जागा मिळते, नालंद्यात हातात काही लागत नाही, विटा बघून परत बसमध्ये. या माणसांना नवी नकली इमारत दाखवण्यापेक्षा, ही ओसरी, ही खोली, इथे ओटा, इथे दिवा, इथून पाणी बाहेर जायचं, हे त्यांच्या भाषेत ऐकवणारा ऑडिओ गाइड दिला तर ती माणसं त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहतील. मराठीत, तमिळमध्ये, सिंहलीत, थाई आणि बर्मीमध्ये, येणारे कोण आहेत ते तर माहितीच आहे.

आणि छतासकट विहार बघायची हौस असेल तर ती भागवायला मराठी माणसाला फार लांब जावं लागत नाही. अजिंठ्याची सोळा आणि सतरा नंबरची लेणी घ्या, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली, म्हणजे नालंदा नुकतंच उभं राहत होतं तेव्हाची. मधे मोकळी जागा, भोवती खांब, तीन बाजूंना खोल्या, आणि दारासमोरच्या भिंतीत बुद्धाचा गाभारा. नकाशा तोच. फरक इतकाच की डोंगराच्या पोटात असल्यानं चौकावर आकाशाऐवजी दगड आहे. अजिंठ्यालाच सहा नंबरचं लेणं दुमजली आहे. आणि इत्सिंगनं लिहिलेला तीन मजली विहार कसा वाटत असेल ते अनुभवायचं तर वेरूळचं बारा नंबरचं लेणं, तीन ताल, तिथे खालून वर चढत जा. विटांची, लाकडाची बांधणी गेली, पण तिचा नकाशा कातळात कोरून ठेवणारे लोक आपल्या सह्याद्रीत होते, आणि तो शाबूत आहे. नालंद्याच्या दारात अजिंठ्याच्या आणि वेरूळच्या या लेण्यांचे मोठे फोटो आणि शेजारी विहाराचं हातानं चाचपता येईल असं धातूचं मॉडेल ठेवलं तर पुनर्बांधणीची अर्धी भूक तिथेच भागेल. उरलेली अर्धी फोनवर भागवता येते, भिंतीसमोर फोन धरला की पडद्यावर मजला उभा राहतो, एक अंदाज, दुसरा अंदाज, शतकं बदलून बघता येतात, आणि चुकलं तर विटेला धक्का न लावता दुरुस्त करता येतं.

याबरोबर एक काम पुरातत्त्व खात्यानं करायलाच हवं. १९१५ ते १९३७ च्या खोदकामाची माहिती वर्षावर्षाच्या अहवालांत तुकड्यातुकड्यांनी पडलीय. कुठल्या थरात काय सापडलं, कुठली भिंत कुठल्या साली किती उंच उचलली, त्यावेळचे फोटो, ड्रॉइंग, हे सगळं एकत्र करून कुणालाही उघडून बघता येईल असं ठेवा. वस्तूही विखुरल्यात, काही रस्त्यापलीकडच्या संग्रहालयात, काही पाटण्याला, काही कोलकात्याला. मूर्ती कुठल्या विहाराच्या कुठल्या खोलीतून आली हे त्या खोलीत उभं राहून कळलं पाहिजे.

राहिला न खोदलेल्या नालंद्याचा प्रश्न. जागतिक वारशाच्या यादीत घेतलेली जागा तेवीस हेक्टर आहे, पण महाविहार त्याच्या कितीतरी बाहेर पसरलेला असणार, बंगळुरूच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅडव्हान्स्ड स्टडीजच्या संशोधकांनी उपग्रहाच्या चित्रांवरून तसं दाखवलंय, उत्तरेला बेगमपूरकडचा उंचवटा, भोवतीचे मोठमोठे तलाव, सगळं त्याच आखणीत बसतं. पुनर्बांधणीच्या मागणीबरोबरच हेही सगळं लगेच खोदा अशी मागणी होते. मी म्हणतो घाई करू नका. १८७१-७२ मध्ये ब्रॉडली या इंग्रज अधिकाऱ्यानं मजूर लावून इथलं एक मंदिर घाईनं उकरलं, नोंदी धड ठेवल्या नाहीत, ती माहिती कायमची गेली. जेवढं उघडं आहे तेवढं आपल्याला सांभाळवत नाही, मातीखालचं मातीत सुरक्षित आहे. त्या उंचवट्यांवर आणि आसपास बडगावची, सूरजपूरची माणसं राहतात, शेती करतात, बडगावच्या तलावावर छठला गर्दी लोटते, आणि शेजारीच काळ्या दगडातल्या एका मोठ्या बुद्धाला गावकरी तेलिया बाबा म्हणून मोहरीचं तेल लावतात, लेकरू अंगानं धरावं म्हणून. हे तलाव बुजू न देणं, उंचवट्यांवरची माती घरभरणीला आणि भट्ट्यांना जाऊ न देणं, आणि त्यासाठी गावकऱ्यांना शंभर मीटर बांधकामबंदीची आणि पुढच्या दोनशे मीटरवरच्या निर्बंधांची नोटीस लावण्यापलीकडे काही देणं, गाइडचं प्रशिक्षण, देखभालीची कायम नोकरी, चुन्याचं काम शिकायची सोय, याला लागणारा पैसा नऊ मजली इमारतीच्या तुलनेत फारच थोडा आहे, आणि तो याच वर्षीपासून खर्च करता येतो.